पूर्वेतिहासातला कोरा रकाना

दीर्घ दुखण्याविषयी बोलताना मराठीत काही शब्दप्रयोग सहज तोंडी येतात. अमकीने धसका घेतला आणि अंथरूण धरले. तमक्याने हाय खाल्ली. कुणी कशाची तरी खंत घेतली आणि तो खंगत गेला. या प्रयोगांतील क्रियापदे पाहण्याजोगी आहेत. 'घेणे' आणि 'खाणे' या देहाच्या क्रिया आहेत. भीती, दुःख, अपमान या गोष्टी बाहेरून आत घेतल्या जातात आणि आत गेल्यावर त्या अन्नासारख्या किंवा विषासारख्या अंगी लागतात, अशी एक जुनी समजूत या भाषेत मुरलेली आहे.

हीच भाषा बोलणारा माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्याचा पूर्वेतिहास विचारला जातो. आईवडिलांना मधुमेह होता का, पूर्वी क्षय झाला होता का, शस्त्रक्रिया झाली आहे का, कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे का. धसक्याचा रकाना त्या कागदावर नसतो. लहानपणी घरात काय घडत होते, कुणाची भीती वाटत असे, रात्री झोप लागत असे का, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. आणि जे विचारले जात नाही ते रोगी आपणहून सांगत नाही. प्रस्तुत लेखात या कोऱ्या रकान्याचा इतिहास थोडक्यात मांडायचा आहे. हा इतिहास वैद्यकाचा आहे हे खरे. परंतु सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास कुणी, केव्हा आणि कशाच्या आधारे ठेवावा, हा त्याचा गाभ्याचा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही.

आरंभीच एका शब्दाचा खुलासा करणे सोयीचे होईल. 'ट्रॉमा' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जखम असा आहे, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत तो प्रामुख्याने शल्यवैद्यांच्या वापरात होता. मराठीत आपण त्याला 'आघात' म्हणतो. या दोन शब्दांत थोडे अंतर आहे. आघात म्हणजे बसलेला तडाखा; तो क्षणाचा असतो. जखम ही तडाख्यानंतर शरीरात राहणारी वस्तू आहे. पुढील विवेचनात आपला संबंध तडाख्याशी आहेच. पण त्याहून अधिक तो या मागे उरणाऱ्या वस्तूशी आहे.

१

२१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्ना येथील मनोविकार व मज्जाविकारतज्ज्ञांच्या सभेत सिग्मंड फ्रॉइड यांनी हिस्टेरियाच्या कारणमीमांसेवर व्याख्यान दिले. अठरा रुग्णांच्या आधारे त्यांनी असे प्रतिपादन केले की, हात लुळा पडणे, वाचा बसणे, झटके येणे, कारण न सापडणाऱ्या वेदना या सर्वांच्या मुळाशी बालपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. सभेचे अध्यक्ष क्राफ्ट-एबिंग हे त्या काळातील मोठे नाव. हे सारे एखाद्या शास्त्रीय परीकथेसारखे वाटते, असा त्यांनी शेरा मारल्याचे फ्रॉइड यांनी काही दिवसांनी आपले मित्र फ्लीस यांना कळवले.

दीड वर्षही झाले नाही तोच, २१ सप्टेंबर १८९७ च्या पत्रात, फ्रॉइड यांनी त्याच मित्राला आपला या सिद्धांतावरचा विश्वास उडाल्याचे लिहिले. कारणे अनेक होती. उपचार पूर्णत्वास जात नव्हते. इतक्या बापांवर असा आरोप करावा लागेल हे त्यांना असंभवनीय वाटू लागले. शिवाय नेणिवेत खरे आणि कल्पिलेले यांत फरक करणारी कोणतीही खूण सापडत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेथून त्यांचे लक्ष घटनेवरून इच्छेकडे आणि कल्पनेकडे वळले. आधुनिक साहित्यसमीक्षेला ज्या फ्रॉइडचे ऋण मान्य करावे लागते तो हा नंतरचा फ्रॉइड होय. स्वप्न, प्रतीक या संकल्पना आपल्याला मिळाल्या त्या या वळणानंतर; आणि या वळणावर रुग्णाचे म्हणणे घडलेली हकीकत न राहता उलगडायची संहिता झाली.

फ्रॉइड यांना केवळ भित्रे ठरवणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. प्रत्यक्ष अत्याचार घडतात हे त्यांनी पुढेही पूर्णपणे नाकारले नाही. पहिल्या सिद्धांतातही मोठा दोष होता. सर्व हिस्टेरियाला एकच कारण असते हा त्यांचा दावा अवाजवी होता, आणि रुग्णांकडून आठवणी काढून घेताना ते बराच आग्रह धरीत. तरीही परिणाम व्हायचा तो झाला. पुढील अनेक दशके मनोविश्लेषणाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर अशी हकीकत ऐकताना ती आधी कल्पना समजून ऐकू लागला.

याला अपवाद ठरले ते फ्रॉइड यांचे निकटचे सहकारी शांडोर फेरेन्झी. सप्टेंबर १९३२ मध्ये वीसबाडेन येथील परिषदेत त्यांनी वाचलेल्या निबंधाचा विषय होता प्रौढ आणि मूल यांच्या भाषांमधील गोंधळ. मूल मायेच्या भाषेत बोलते, प्रौढ ती वासनेच्या भाषेत वाचतो. आणि नंतर काही घडलेच नाही असे प्रौढ वागतो तेव्हा मूल स्वतःच्या इंद्रियांवरचा विश्वास गमावते आणि अपराधाचे ओझे स्वतःकडे घेते, असा त्या निबंधाचा आशय. तो वाचू नये, छापू नये, असे फ्रॉइड यांनी त्यांना सुचवले होते. पुढच्या वर्षी, मे १९३३ मध्ये, फेरेन्झी वारले. निबंधाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध व्हायला १९४९ साल उजाडले. अत्याचाराइतकाच, किंबहुना काही वेळा अधिक, घातक असतो तो त्यानंतरचा नकार, हे फेरेन्झी यांचे निरीक्षण या विषयातील सर्वांत टिकाऊ निरीक्षणांपैकी एक ठरले आहे.

२

मोठ्या माणसांचे सांगणे असे बाजूला पडले असताना मुलांची शरीरे मात्र बोलत होती. १९४६ साली अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी सहा तान्ह्या मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या कवटीत रक्तस्राव होता आणि हातापायांची हाडे मिळून तेवीस ठिकाणी मोडलेली होती. घरच्यांकडून पडल्या-झडल्याचा पटण्याजोगा खुलासा मात्र मिळत नव्हता. हे कुणीतरी केलेले आहे, असे उघड म्हणायला वैद्यकाने आणखी सोळा वर्षे घेतली. १९६२ मध्ये हेन्री केंप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या लक्षणसमूहाला नाव दिले. हाडाला कल्पनाशक्ती नसते. म्हणून कदाचित हाडाची साक्ष आधी मानली गेली.

दुसरी साक्ष न मारलेल्या मुलांची होती. रेने स्पिट्झ यांनी १९४५-४६ मध्ये दोन संस्थांची तुलना केली. एक अनाथालय होते. तेथे अन्न, स्वच्छता, औषधे यांची वाण नव्हती. पण एका दाईकडे आठ-आठ मुले असत. दुसरी संस्था तुरुंगाला जोडलेली होती आणि तेथे कैदी माता आपली मुले स्वतः वाढवीत. अनाथालयातील एक तृतीयांशाहून अधिक मुले दोन वर्षांत दगावली. तुरुंगातले एकही मूल गेले नाही. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली रुग्णालयात आठ दिवस आईवाचून राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. तो डॉक्टरांच्या सभेत दाखवला गेला तेव्हा पुष्कळांना तो आपल्या संस्थांवरचा हल्ला वाटला. परंतु १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालानंतर ब्रिटनमधील रुग्णालयांची दारे आईबापांसाठी हळूहळू उघडली. 'रडून रडून शांत झालेले मूल' रुळलेले नसून खचलेले असू शकते, एवढी गोष्ट पटायला इतका काळ लागला.

तरीही घरातील लैंगिक अत्याचाराविषयीचे अज्ञान कायम राहिले. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत मनोविकारशास्त्राच्या एका प्रमाण पाठ्यपुस्तकात कौटुंबिक व्यभिचाराचे प्रमाण दहा लाखांत एक एवढेच सांगितले होते. हा आकडा वाचून शिकलेले डॉक्टर पुढे हजारो रुग्ण तपासणार होते. जे दहा लाखांत एकदाच घडते ते आपल्यासमोर बसलेल्या बाईच्या बाबतीत घडले असेल, असे त्यांच्यापैकी कुणाच्या मनात यावे?

३

कोऱ्या रकान्याकडे अखेर लक्ष गेले ते एका चुकीमुळे, आणि तेही मनोविश्लेषकाच्या खोलीत नव्हे. कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथे कैसर पर्मनेन्टे या आरोग्यसंस्थेच्या प्रतिबंधक वैद्यक विभागाचे प्रमुख डॉ. व्हिन्सेंट फेलिटी १९८० च्या दशकात अतिस्थूल व्यक्तींसाठी वजन उतरवण्याचा कार्यक्रम चालवत होते. कार्यक्रम यशस्वी होता. पण पुष्कळजण तो मध्येच सोडून जात. आश्चर्य हे की, सोडून जाणाऱ्यांत प्रामुख्याने ज्यांचे वजन उत्तम उतरत होते तेच लोक होते.

कारण शोधण्यासाठी फेलिटी यांनी १९८५ पासून अशा लोकांच्या मुलाखती घेण्यास प्रारंभ केला. प्रश्न ठरीव होते: जन्माच्या वेळी वजन किती, शाळेत जाताना किती, लग्नाच्या वेळी किती. एके दिवशी एका स्त्रीला, पहिल्या शरीरसंबंधाच्या वेळी तुमचे वय किती होते, असे विचारण्याऐवजी त्यांच्या तोंडून चुकून, वजन किती होते, असे निघाले. तिने चाळीस पौंड असे उत्तर दिले. म्हणजे सुमारे अठरा किलो. त्यांना वाटले, आपल्या ऐकण्यात काही गफलत झाली. त्यांनी तोच चुकीचा प्रश्न पुन्हा विचारला. तेच उत्तर देऊन ती रडू लागली. ती तेव्हा चार वर्षांची होती, आणि तो तिचा बाप होता. हा प्रसंग फेलिटी यांनी पुढे अनेकदा सांगितला आहे. त्यानंतर घेतलेल्या मुलाखतींत, एकूण २८६ जणांपैकी बहुसंख्यांच्या बालपणी अत्याचाराची कथा निघाली. स्थूलता ही यांतील कित्येकांच्या लेखी अडचण नव्हतीच. ती तोडगा होती. जाड बाईकडे कुणी बघत नाही, आणि कुणी बघू नये हीच तर गरज होती. वजन उतरू लागले की संरक्षण जाई, आणि भीती परत येई.

साहित्याच्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. लक्षणाला अर्थ असतो ही गोष्ट आपण फ्रॉइडकडून शिकलो. फेलिटी यांनी त्यात एवढीच भर घातली की, त्या अर्थापाशी पोचण्यासाठी दर वेळी गूढ उकल करावी लागत नाही. कित्येकदा विचारणे पुरेसे असते.

१९९० मध्ये अटलांटा येथील स्थूलताविषयक परिषदेत त्यांनी हे मांडले तेव्हा श्रोत्यांतील एका तज्ज्ञाने, अशा हकीकती रुग्ण आपल्या फसलेल्या आयुष्याचे समर्थन करण्यासाठी रचतात, असा आक्षेप घेतला. व्हिएन्नातील परीकथेचा शेरा आणि हा आक्षेप यांत चौऱ्याण्णव वर्षांचे अंतर आहे. या वेळी मात्र गोष्ट तेथे संपली नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील संशोधक डेव्हिड विल्यमसन तेथे उपस्थित होते. काहीशे स्थूल रुग्णांवर कुणी विश्वास ठेवणार नाही, सर्वसामान्य लोकांतील हजारो माणसांचा अभ्यास हवा, असे त्यांनी सुचवले. त्याच केंद्रातील डॉ. रॉबर्ट अँडा हे पुढे फेलिटी यांचे सहकारी झाले.

१९९५-९६ मध्ये सॅन दिएगोत आरोग्यतपासणीसाठी आलेल्या १३,४९४ प्रौढांना टपालाने प्रश्नावली पाठवण्यात आली. ९,५०८ जणांनी ती भरून पाठवली. दुसऱ्या फेरीसह हा आकडा सतरा हजारांच्या वर गेला. हे लोक बहुतांशी गोरे, मध्यमवर्गीय, महाविद्यालयापर्यंत शिकलेले, विमा असलेले होते. मे १९९८ मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध झाला. त्यात बालपणातील प्रतिकूल अनुभवांचे सात वर्ग होते: शाब्दिक-मानसिक, शारीरिक आणि लैंगिक अत्याचार; आईला होणारी मारहाण; आणि घरात व्यसनी, मनोरुग्ण किंवा तुरुंगात गेलेली व्यक्ती असणे. पुढे उपेक्षेचे दोन प्रकार आणि आईवडिलांची फारकत हे वर्ग वाढून ते दहा झाले. निम्म्याहून अधिक लोकांनी किमान एक अनुभव नोंदवला होता. ज्यांनी चार किंवा अधिक नोंदवले त्यांच्यात, एकही न नोंदवणाऱ्यांच्या तुलनेत, दारूचे व्यसन, मादक द्रव्ये, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम चार ते बारा पट होती. हृदयविकार, कर्करोग, फुप्फुसांचे जुनाट विकार, यकृताचे आजार यांचे प्रमाणही अनुभवांच्या संख्येबरोबर पायरीपायरीने चढत होते. दहा लाखांत एक असा जो आकडा पाठ्यपुस्तकात होता तो एका सुस्थित अमेरिकन शहरातील टपालाने पार खोटा ठरवला.

४

पण भीती हृदयापर्यंत किंवा सांध्यांपर्यंत पोचते कशी? याचा एक मार्ग उघड आहे. ज्याला झोप लागत नाही तो दारू पितो, ज्याला धडधडते तो सिगरेट ओढतो, आणि सवयींतून रोग येतो. मात्र सवयी वजा केल्या तरी काही शेष उरतो. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये दाखवले होते की, निरनिराळ्या प्रकारच्या तणावांना प्राण्याचे शरीर सारखाच प्रतिसाद देते. संकट आले की मेंदूतून निघालेला संदेश मूत्रपिंडांवरील ग्रंथींपर्यंत जातो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात उतरते. पळून जाण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु संकट घरातच राहत असेल आणि पळायला जागा नसेल तर ही घंटा वाजतच राहते. ब्रूस मॅक्युएन यांनी १९९३ मध्ये या सततच्या झिजेला एक नाव दिले. त्याचा आशय, जुळवून घेण्याचा शरीरावर साचणारा बोजा, असा सांगता येईल.

न्यूझीलंडमधील डुनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा जन्मापासून पाठपुरावा होत आला आहे. २००७ मध्ये त्यावर आधारलेल्या एका अभ्यासात दिसले की, लहानपणी छळ झालेल्यांच्या रक्तात वयाच्या ३२ व्या वर्षीही दाहाची खूण असलेले प्रथिन अधिक आढळते. येथे बालपणाची माहिती केवळ मोठेपणीच्या आठवणीवर विसंबलेली नव्हती, हे विशेष. दाह म्हणजे शरीराचा आत चालू असलेला जाळ. हृदयविकारापासून अनेक जुनाट रोगांशी त्याचा संबंध आहे.

मॉन्ट्रियलमधील मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेतील उंदरांचा प्रयोग याहून बोलका आहे. ज्या पिलांना आई कमी चाटते ती मोठेपणी तणावाने अधिक घाबरतात, आणि त्यांच्या मेंदूतील एका जनुकावर रासायनिक खुणा उमटलेल्या असतात, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण अशी पिले जन्मताच चाटणाऱ्या आईकडे दिली तर त्या खुणा बदलतात. उंदरांवरून माणसांविषयी घाईने निष्कर्ष काढू नयेत हे खरे. तरी जखम शरीरात लिहिली जाते आणि ते लिखाण अटळ नसते, या दोन्ही गोष्टी येथे एकत्र दिसतात.

५

एखादी कल्पना उशिरा मान्य झाली की ती गरजेपेक्षा अधिक मानली जाण्याचा धोका असतो. दहा प्रश्नांची ती यादी पुढे वर्तमानपत्रांत आणि संगणकावर फिरू लागली. लोक आपापला 'गुणांक' काढू लागले. २०२० मध्ये स्वतः अँडा यांनीच सहकाऱ्यांसह बजावले की, हा आकडा लोकसमूहाच्या अभ्यासासाठी आहे, एका माणसाचे भविष्य सांगण्यासाठी नाही. चार गुण असलेली कितीतरी माणसे निरोगी जगतात आणि शून्य गुण असलेल्यांना हृदयविकार होतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासातून आणखी एक गुंतागुंत पुढे आली. लहानपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली होती त्यांतील निम्म्याहून अधिक मोठेपणी तो सांगत नाहीत. आणि जे मोठेपणी सांगतात त्यांतील निम्म्याहून अधिकांची लहानपणची नोंद सापडत नाही. याचा अर्थ ते खोटे बोलतात असा नव्हे. बहुतेक अत्याचारांची नोंद होतच नाही. पण आठवण आणि दप्तर हे दोन वेगळे साक्षीदार आहेत, एवढे त्यातून कळते.

आठवणीवरचा अतिविश्वासही महाग पडू शकतो. १९८० च्या दशकात अमेरिकेत काही बालसंगोपन केंद्रांवर मुलांना पुन्हा पुन्हा सूचक प्रश्न विचारून खटले उभे राहिले आणि वर्षानुवर्षांनी कोसळले. म्हणून ऐकण्याचे प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. न्यायालय ऐकते ते दोषी ठरवण्यासाठी. तेथे पुरावा हवाच. दवाखाना ऐकतो तो समोरच्या माणसाला बरे वाटावे म्हणून. तेथे आरंभी विश्वास हवा. साहित्य ऐकते ते अनुभवाचा आकार कळावा म्हणून. १८९७ मध्ये फ्रॉइड यांनी दवाखान्यात बसून न्यायालयाचा प्रश्न विचारला आणि साहित्याचे उत्तर दिले, असे मला वाटते.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी येथे एक सापळा आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९३९-४० मध्ये लिहिलेल्या आणि १९७६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या स्मृतिलेखात, लहानपणी सावत्र भावाने केलेल्या स्पर्शाची नोंद आहे. त्या तेरा वर्षांच्या असताना आई गेली. आयुष्यभर डोकेदुखी, ज्वर आणि मनोविकाराचे झटके त्यांच्या मागे होते. १९८९ मध्ये लुईस डिसाल्व्हो यांनी या धाग्याने त्यांचे सारे आयुष्य आणि लेखन उलगडण्याचा प्रयत्न केला. त्या पुस्तकाने एक दडपलेली गोष्ट वाचकांसमोर आणली हे त्याचे श्रेय. पण प्रत्येक कादंबरीचे उत्तर एकाच घटनेत सापडू लागले की लेखिका पुन्हा एकदा रुग्ण होते. हर्मायनी ली यांचे १९९६ चे चरित्र याबाबतीत अधिक सावध आहे. १९२६ साली आजारपणावर निबंध लिहून, प्रेम आणि युद्ध यांच्या पंक्तीला साहित्याने आजाराला का बसवले नाही, असा प्रश्न करणाऱ्या बाईला केवळ लक्षण मानणे योग्य नव्हे.

उलट्या बाजूचाही धोका आहे. जुनाट दुखण्याच्या रुग्णाला, विशेषतः स्त्रीला, हे तुमच्या मनाचे खेळ आहेत, असे सांगून वाटेला लावण्याची रीत जुनी आहे. बालपणाचा इतिहास विचारणे म्हणजे दुखणे काल्पनिक ठरवणे नव्हे. वरील सर्व संशोधन नेमके याच्या विरुद्ध सांगते: ज्याला आपण मनाचे म्हणतो ते रक्तात मोजता येते.

६

मग बरे होणे म्हणजे काय? जुडिथ हर्मन यांनी १९९२ मधील आपल्या ग्रंथात सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, आणि शेवटी माणसांशी पुन्हा जोडले जाणे. क्रम महत्त्वाचा आहे. घर अजून धोक्याचे असताना आठवणी उकरणे ही दुसरी इजा ठरू शकते.

लिहिण्याने काय होते याचीही परीक्षा झालेली आहे. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातील क्लेशकारक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणारे पुढील सहा महिन्यांत किरकोळ विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी वेळा दवाखान्यात गेले. १९९९ मध्ये जोशुआ स्मिथ यांनी दमा आणि संधिवात असलेल्या ११२ रुग्णांवर असाच प्रयोग केला. चार महिन्यांनी क्लेशाविषयी लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांत, तर इतरांपैकी सुमारे २४ टक्के लोकांत लक्षणीय सुधारणा होती. नंतरच्या शंभराहून अधिक अभ्यासांचा गोषवारा घेतला असता हा परिणाम सरासरीने लहानच ठरला. लेखणी हे औषध नाही. मात्र ती अगदीच निरुपयोगीही नाही, आणि एवढे कळणेही आपल्या व्यवसायातील माणसांना पुरेसे आहे.

सर्वांत बळकट पुरावा मात्र शब्दांचा नसून माणसांचा आहे. रुमानियातील अनाथालयांतून १३६ लहान मुले घेऊन २००० साली बुखारेस्ट येथे सुरू झालेल्या अभ्यासात काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून पालक-कुटुंबांत ठेवले गेले. कुटुंबात गेलेली मुले अनेक बाबतींत सावरली. दोन वर्षांच्या आत गेलेली अधिक सावरली. स्पिट्झ यांच्या अनाथालयात ज्याची उणीव होती तेच येथे औषध ठरले.

७

आपल्याकडे काय? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा त्यात होते. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले. शारीरिक मारहाण दर तिघांतील दोघांना माहीत होती. २०१२ मध्ये मुलांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा आला. न्यायालयाचा रकाना भरला गेला. दवाखान्यातला बहुतांशी अजून कोराच आहे.

मात्र मराठीत एक रकाना फार पूर्वीपासून भरत आला आहे, आणि तो आत्मचरित्राचा आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा आरंभ आठवावा. १८५७ च्या धामधुमीत घरातील वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली, आणि त्यानंतर वडिलांच्या सोवळ्याने वेडाचे रूप घेतले. त्या वेडाखाली मुलांचे बालपण भरडले गेले. एका पिढीचा धसका दुसरी पिढी कशी भोगते याचे इतके नेमके चित्र क्वचित सापडेल. ते आपण हसत हसत वाचतो, कारण लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत लिहिले. त्या हसण्याला विसर समजणे ही चूक होईल. जे सोसले त्याच्याकडे सुरक्षित अंतरावरून पाहण्याची ती जागा आहे.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनात आईपासून दुरावलेले, आजोळी उपेक्षा आणि मार सोसलेले बालपण आहे. आणि ते लिहिणारा माणूस वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झालेला होता. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) पासून पुढच्या दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी आणखी एक गोष्ट केली. सॅन दिएगोतील दहा प्रश्न घराच्या भिंतींच्या आतले होते. भूक, वस्तीवरची धाड, वर्गात वेगळे बसवणारा मास्तर, पाणवठ्यावरचा अपमान यांना त्यांत जागा नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या नंतरच्या प्रश्नावलीत घराबाहेरच्या हिंसेचे प्रश्न आले. आमच्या आत्मकथनांनी ते त्याआधीच विचारले होते आणि उत्तरेही दिली होती; आम्ही ती समाजशास्त्र किंवा वास्तववाद म्हणून वाचली, देहाचा इतिहास म्हणून फारशी वाचली नाहीत.

ही पुस्तके वर्गात शिकवताना समोरच्या बाकांवर कुणी बसलेले असते. ५३ टक्क्यांचा आकडा खरा मानला तर त्या बाकांवरील पुष्कळांना हे प्रकरण केवळ अभ्यासक्रमाचा भाग नसते. शिक्षकाने डॉक्टर होऊ नये. त्याने मुलांकडून कबुलीजबाबही काढू नयेत. पण 'हे खरे असेल का' या प्रश्नाआधी 'हे सांगताना तिला काय पडले असेल' हा प्रश्न विचारण्याची सवय वर्गाला लावता येते. एखादी मुलगी तास संपल्यावर रेंगाळली आणि काही बोलू लागली, तर घड्याळाकडे न पाहता तिचे ऐकता येते, आणि पुढे कुणाकडे न्यायचे हे आधीच माहीत करून ठेवता येते. व्हिएन्नात ज्या गोष्टीला परीकथा म्हटले गेले आणि अटलांटात ज्या गोष्टीला सबब म्हटले गेले, त्या गोष्टीला इतके ऐकून घेणारे मिळाले असते, तर हा इतिहास शंभर वर्षांनी आखूड झाला असता.